भेदभावाची तक्रार ‘चालण्यासारखी नाही’ म्हणून फेटाळली, आता कुठं जायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी)

अनगोळकर (धागाकर्ता), १७ मार्च २०२५

नावं-गावं घालत नाही, मुद्दा तेवढा मांडतो. खानापूर तालुक्यातली खाजगी मराठी माध्यमिक शाळा, राज्य बोर्डाची. एका सहशिक्षिकेला काढून टाकलं. तिच्या मागून लागलेले दोघं मात्र कायम आहेत. जात बघून केलं, असं तिचं म्हणणं. तिनं लेबर कोर्टात औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १०(४-ए) खाली थेट अर्ज घातला.

तारखा अशा: काढल्याचं पत्र हातात पडलं १० जून २०२३. अर्ज ५ ऑक्टोबर २०२३. निकाल १४ मार्च २०२५. निकालाची शेवटची ओळ अशी: “अर्जदार कलम २(एस) खाली कामगार नसल्याने अर्ज चालण्यासारखा नाही, सबब फेटाळण्यात येतो.” सतरा महिने गेले आणि भेदभाव झाला की नाही यावर कोर्टानं एक अक्षर लिहिलेलं नाही.

तीन प्रश्न. हेच प्रकरण परत कुठं घालता येतं का? वर जायचं की बाजूला जायचं? आणि मुदत शिल्लक आहे का?

---

उद्यमबाग_लेबर, १७ मार्च

अण्णा, सगळ्यात आधी निकालाची शेवटची दोन पानं सावकाश वाचा. लोक ‘केस हरली’ म्हणून फाईल माळ्यावर टाकतात. कागदावर मात्र पाच वेगळ्या गोष्टींपैकी एक घडलेली असते आणि प्रत्येकीचा पुढचा रस्ता वेगळा असतो. आपण सगळ्यालाच ‘फेटाळली’ म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो.

दिवाणी कोर्टात वादपत्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ खाली नामंजूर झालं असेल (दाव्याचं कारणच दिसत नाही, मूल्यांकन कमी, स्टॅम्प अपुरा, कायद्यानंच मज्जाव), तर रूल १३ प्रमाणे त्याच कारणावर नवं वादपत्र घालता येतं. अपीलही होतं, कारण अशी नामंजुरी कायद्यानं हुकूमनामा धरली जाते.

रूल १० खाली वादपत्र ‘परत’ केलं असेल तर ते योग्य कोर्टात नेऊन द्यायचं. परत करताना न्यायाधीश त्याच्यावर दाखल झाल्याची तारीख, परत दिल्याची तारीख आणि थोडक्यात कारण लिहितात. तो शेरा असलेलं पान हरवू नका, पुढचा मुदतीचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो.

तारखेला प्रतिवादी हजर पण वादी हजर नाही म्हणून ऑर्डर ९ रूल ८ खाली काढली असेल तर ते सगळ्यात वाईट. रूल ९ नवा दावा अडवतं. एकच वाट उरते, ती म्हणजे ३० दिवसांत केस परत फाईलवर घेण्याचा अर्ज.

मेमो देऊन स्वतःच काढून घेतली असेल तर ‘नवीन दावा दाखल करण्याची मुभा देऊन’ हे शब्द आदेशात आहेत का बघा. ते नसतील तर ऑर्डर २३ प्रमाणे दार बंद.

तुमचं पाचवं: कोर्टाला अधिकारच नाही म्हणून निकाली. गुणदोषावर सुनावणी होऊन अखेरचा निर्णय झालेला नाही, त्यामुळं भेदभावाच्या मुद्द्याला पूर्वनिर्णयाचा (एकदा निकाल लागलेला वाद परत चालत नाही, ह्या नियमाचा) अडसर येत नाही. मात्र ‘ही कामगार नाही’ एवढा निष्कर्ष दोन्ही पक्षांत पक्का झाला. पुढच्या अर्जात तिला चुकूनसुद्धा ‘कामगार’ लिहू नका.

अजून एक तपासा. मधल्या एखाद्या परिच्छेदात ‘भेदभावाचा पुरावा आलेला नाही’ असं ओघात लिहून गेलंय का? असेल तर समोरचा वकील तेच वाक्य अधोरेखित करून आणणार. ज्या कोर्टाला अधिकार नाही त्याचं गुणदोषावरचं भाष्य बांधत नाही, हा मुद्दा तुम्हीच पहिल्या पानावर घ्या, त्याची वाट बघू नका.

---

फाईल_नंबर, १७ मार्च

शिक्षकांच्या बाबतीत ही चूक दर वर्षी होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालात शिक्षणसंस्था ‘उद्योग’ ठरली. त्यावरून बऱ्याच जणांनी धरून घेतलं की शिक्षक ‘कामगार’ झाला. तसं नाही. गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिकवणं हे अंगमेहनतीचं, कौशल्याचं, कारकुनी किंवा तांत्रिक काम ह्यांपैकी कशातच बसत नाही. म्हणजे उद्योग आहे, पण त्यातला शिक्षक कामगार नाही. लेबर कोर्टानं तुमच्यावर अन्याय केलेला नाही, अर्जच चुकीच्या टेबलावर गेला होता.

बरोबर टेबल म्हणजे कर्नाटक शिक्षण कायदा १९८३. कलम ९२: चौकशी केल्याशिवाय खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही, काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. कलम ९४: असं झालं तर आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत शैक्षणिक अपील ट्रायब्युनलकडे अपील. ट्रायब्युनल म्हणजे वेगळी इमारत शोधू नका, जिल्हा न्यायाधीशच ते काम बघतात. कॉलेज असेल तर १९७५ चा खाजगी शिक्षणसंस्था (शिस्त व नियंत्रण) कायदा बघायचा, तिथलं अपील कलम ८ मध्ये आहे. शाळा सीबीएसई किंवा आयसीएसईची असेल तर १९८३ चा कायदा जसाच्या तसा लागत नाही, म्हणून आधी मान्यतेचं पत्र बघा. तुमची राज्य बोर्डाची आहे, तो प्रश्न नाही.

संस्था दोन हरकती घेणार हे गृहीत धरा. पहिली: ‘आम्ही काढलं नाही, नेमणुकीची मुदत संपली.’ नेमणुकीचे सगळे आदेश ओळीनं लावा. दर जूनला नवं पत्र आणि मध्ये एप्रिल-मेचा खंड दिसत असेल तर तो कागदोपत्रीच आहे हे हजेरीपटावरून दाखवा. दुसरी: ‘आम्ही भाषिक अल्पसंख्याक संस्था, आम्हाला ट्रायब्युनल लागू नाही.’ टी.एम.ए. पै निकाल (२००२) आपल्या कर्नाटकातूनच गेलेला आहे. खाजगी संस्थांतल्या शिक्षकांच्या गाऱ्हाण्यांसाठी जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचं ट्रायब्युनल असावं, हे त्यातच म्हटलंय.

---

मलप्रभाकाठ, १८ मार्च

मुदतीचं मी मांडतो. मुदत कायदा १९६३ चं कलम १४: चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे, नेटानं केस चालवत होतात तर तेवढा काळ वजा. म्हणजे ५ ऑक्टोबर २०२३ ते १४ मार्च २०२५ वजा करा, काही अडचण नाही. सहा महिन्यांच्या आत अर्ज केला होता ना?

---

फाईल_नंबर, १८ मार्च

मलप्रभाकाठ, दोन ठिकाणी घसरलात.

सहा महिने हे कलम १०(४-ए) चे, म्हणजे कर्नाटकानं औद्योगिक विवाद कायद्यात घातलेल्या दुरुस्तीचे. शिक्षण कायद्याचे तीनच. १० जूनला पत्र मिळालं, तीन महिने १० सप्टेंबर २०२३ ला संपले. लेबर कोर्टात अर्ज पडला ५ ऑक्टोबरला. बरोबर ट्रायब्युनलच्या हिशेबानं त्या दिवशीच २५ दिवस उशीर झालेला होता. मधले सतरा महिने पूर्ण वजा केले तरी हे २५ दिवस अंगावर राहतातच.

दुसरं, कलम १४ दाव्याला आणि अर्जाला लागतं. ९४ खाली जातं ते अपील. तिथं १४ सरळ लावता येत नाही, चुकीच्या कोर्टात गेलेला वेळ कलम ५ खाली ‘पुरेसं कारण’ म्हणून सांगायचा असतो. वाचायला फरक बारीक वाटतो. पण १४ मध्ये अटी पुऱ्या झाल्या की वजावट हक्कानं मिळते, ५ मध्ये न्यायाधीशाला पटवावं लागतं.

म्हणून अपिलाबरोबर उशीर माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागेल. त्यात काळाचे तीन तुकडे करा. पहिला, ११ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२३, हे २५ दिवस. दुसरा, लेबर कोर्टातला. तिसरा, १५ मार्च २०२५ पासून अपील दाखल होईपर्यंतचा. मधला तुकडा मोठा दिसतो म्हणून सगळे त्याच्यावर दोन पानं लिहितात. खरं तर तोच सगळ्यात सोपा, निकालाची नक्कल जोडली की बोलतो. अडतं पहिल्यात आणि तिसऱ्यात. ‘कायद्याची माहिती नव्हती’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तारखेला कोणाचा सल्ला घेतला, संस्थेला पुनर्विचाराचं पत्र कधी दिलं, आजारपण असेल तर दवाखान्याचा कागद, असं तारीखवार द्या.

मधल्या तुकड्यातही एक खाच आहे. संस्थेनं लेबर कोर्टात ऑब्जेक्शन्स (लेखी हरकती) कधी दाखल केली? समजा जानेवारी २०२४ मध्येच त्यांनी ‘शिक्षिका कामगार नाही’ असं लिहून दिलं असेल, तर त्यानंतर चौदा महिने तिथंच का थांबलात, हे विचारणारच. वकिलांच्या लेखी सल्ल्यावर चालवली असेल तर तसं म्हणा आणि शक्य असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र लावा.

---

मलप्रभाकाठ, १८ मार्च

मान्य. १४ आणि ५ मधला फरक माझ्या नजरेतून सुटला होता.

---

शिनोळी_फाटा, १८ मार्च

एवढं सगळं कशाला करूलालासा? कोल्हापूरला अनुचित कामगार प्रथेची तक्रार घालायची, ९० दिवसांत. माझ्या माहितीतले सगळे तिकडंच जातात.

---

उद्यमबाग_लेबर, १९ मार्च

हे एकदा मोकळं करून टाकू, कारण निम्मी प्रकरणं ह्याच सल्ल्यानं बुडतात.

९० दिवसांची ती तक्रार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातली आहे, आपण ज्याला ‘पल्प’ म्हणतो तो. त्याच्या चौथ्या परिशिष्टात पक्षपात, सूडबुद्धीनं काढणं वगैरे येतं. तो कायदा महाराष्ट्रात चालतो, फाट्याच्या अलीकडं कर्नाटकात नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यातल्या माणसाला तो लागूच नाही, मग मालकाचं ऑफिस पुण्यात असो की इचलकरंजीत.

उलट बाजू अशी. राहायला बेळगावात, बस पकडून रोज शिनोळीच्या एमआयडीसीत जाणारे पुष्कळ आहेत. त्यांचा कारखाना चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. त्यांनी घराजवळ पडतं म्हणून बेळगावच्या कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज दिला की तो ‘हद्द नाही’ म्हणून परत येतो आणि तिकडचे ९० दिवस तोपर्यंत संपलेले असतात. रेशनकार्ड कुठलं हे कोणी विचारत नाही. काम कुठं होतं आणि काढल्याचा आदेश कुठं लागू झाला, तेवढंच बघतात.

शिनोळीत ठेकेदारामार्फत असाल तर आणखी एक सापळा. मूळ कंपनी ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणाली, तर सिप्ला निकालाप्रमाणे (२००१) पल्पची तक्रार चालत नाही. नातं आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ठरवून आणावं लागतं. ईएसआय कार्डावर, पीएफच्या पासबुकात मालक म्हणून कोणाचं नाव आहे, हे तक्रार घालायच्या आधी बघा.

---

निपाणीकर, १९ मार्च

पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ ह्यांचं राहिलं. आमच्या चिक्कोडी-निपाणी भागात नोकऱ्या म्हणजे अर्ध्या त्याच.

संस्था कर्नाटक सहकारी कायदा १९५९ खाली नोंदलेली असेल तर कलम ७० बघा. संस्था आणि कर्मचारी यांच्यातला वाद, सेवाशर्ती आणि शिस्तभंगाची कारवाई धरून, सहकार खात्याच्या निबंधकाकडं जातो. ‘औद्योगिक विवाद कायद्यात काहीही असलं तरी’ हे शब्द त्यात २० जून २००० पासून आले. तेव्हापासूनच्या वादात लेबर कोर्टाचा रस्ता बंद, हे सुप्रीम कोर्टानं विजापूरच्या दूध संघाच्या प्रकरणात २००७ साली सांगितलंय.

पण आमच्याकडं दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या बहुराज्य संस्था भरपूर. त्यांना २००२ चा केंद्राचा कायदा. त्याच्या कलम ८४ मधल्या लवादातून पगारी नोकरावरची शिस्तभंगाची कारवाई मुद्दाम वगळलेली आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन पतसंस्था, दोन्हींचे क्लार्क काढलेले, आणि एकाला निबंधक, तर दुसऱ्याला कामगार कायदा. फलकावरचं नाव वाचून कळत नाही. नोंदणी क्रमांक ठेव पावतीवर किंवा लेटरहेडवर असतो, त्यात ‘एमएससीएस’ दिसलं की बहुराज्य.

---

चन्नम्मा_सर्कल, २० मार्च

सरकारी नोकरांचं थोडक्यात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यानं सेवेविषयी थेट हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट घातली की ती ‘आधी ट्रायब्युनलला जा’ म्हणून निकाली निघते. एल. चंद्रकुमार निकाल, १९९७. जायचं प्रशासकीय ट्रायब्युनलकडं, त्याचं खंडपीठ बेळगावातच आहे. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. खात्याकडं अपील किंवा निवेदन दिलं आणि उत्तर नाही, तर सहा महिने थांबायचं आणि तिथून एक वर्ष. दर सहा महिन्यांनी नवं निवेदन देत राहिलं म्हणजे मुदत वाढते, ही समजूत सोडा. १९८९ च्या राठोर निकालापासून कोर्ट तेच सांगतंय.

सीमाभागातल्या माणसाच्या हातून होणारी एक चूक सांगायलाच हवी. ‘मराठी म्हणून डावललं’ असं लिहायचं आणि खाली घटनेचं कलम १६(२) घालायचं. १६(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास एवढंच आहे. भाषा नाही. भाषा २९(२) मध्ये आहे, पण ते शिक्षणसंस्थेतल्या प्रवेशाचं. अर्ज फक्त १६(२) वर उभा केला तर समोरचा पहिल्याच तारखेला ‘दाव्याचं कारण दिसत नाही’ म्हणणार. १४ आणि १६(१) वर उभा करा: सारखी पात्रता, सारखं काम, वेगळी वागणूक, कारण नाही. खाजगी संस्थेविरुद्ध तर १४-१६ सुद्धा सरळ लागत नाहीत, तिथं सेवेच्या कायद्यातलं कलमच लागतं.

---

खडेबाजार_७, २१ मार्च

कागदांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फायली अडतात त्या इथंच.

काढल्याचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट. मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, ते कळल्यापासून मोजतात, आणि ते कधी कळलं हे पाकिटावरचा पोस्टाचा गोल शिक्का सांगतो. बहुतेक लोक पत्र लॅमिनेट करून ठेवतात आणि पाकीट टाकून देतात. पाकीट गेलं असेल तर बारकोड नंबरवरून पोस्टाच्या साइटवरचा पोच अहवाल लगेच छापून घ्या, जुना झाला की तिथं मिळत नाही.

कन्नडमध्ये आलेली नोटीस ‘वाचता येत नाही’ म्हणून पोस्टमनला परत पाठवणारे आहेत. असं करू नका. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं आणि घेण्यास नकार दिलेलं पत्र मिळालंच असं धरलं जातं. मुदत चालू होते आणि हातात कागदही नसतो.

निकालाची नक्कल. मागच्या बाजूला शिक्क्यात तारखा असतात: नक्कल मागितली कधी, तयार झाली कधी, दिली कधी. त्याच निकालावर अपील करणार असाल तर मागितल्यापासून तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. तयार झाल्यावर तुम्ही आठ दिवसांनी न्यायला गेलात तर ते आठ तुमचे. पण ह्या प्रकरणात अपील संस्थेच्या आदेशावर आहे, लेबर कोर्टाच्या निकालावर नाही. तेव्हा नकलेसाठी थांबून दिवस घालवू नका. आज अर्ज टाका आणि अपील साध्या प्रतीवर तयार करायला घ्या.

भाषांतर. शाळेचे ठराव, सेवापुस्तिका, मेमो सगळं मराठीत असणार. कोर्टाचं कामकाज कन्नड-इंग्रजीत. प्रत्येक मराठी कागदामागं त्याचं भाषांतर लावा, पान क्रमांक जुळवून. सगळी भाषांतरं शेवटी एकत्र टाकली की ऑफिस ऑब्जेक्शन निघतं आणि एक तारीख फुकट जाते.

ज्युनिअर दोघांचे कागद शाळा देणार नाही. शाळा अनुदानित असेल तर नेमणूक-मंजुरीची प्रत बीईओ (क्षेत्र शिक्षणाधिकारी) कार्यालयात असते. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतं, निपाणीवाल्यांनी चिक्कोडी बघायचं. माहिती अधिकारात मागा, फी १० रुपये. कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो. ज्येष्ठता यादी, मंजुरी आदेश आणि ठराव असं तिन्ही एकात कोंबलं की परत येतो. तीन अर्ज, तीस रुपये.

---

अनगोळकर, २१ मार्च

शाळा अनुदानित आहे. ऑब्जेक्शन्सची तारीख आज फाईलमध्ये बघितली, ९ फेब्रुवारी २०२४. त्यात पाचव्या परिच्छेदात ‘कामगार नाही’ हे लिहिलेलंच आहे.

आणखी एक. त्याच वेळी काढलेला शाळेचा शिपाईसुद्धा लेबर कोर्टात आहे. त्याचंही असंच होणार का? आणि हायकोर्टात रिट घालून लेबर कोर्टाचा निकाल फिरवता येणार नाही का?

---

उद्यमबाग_लेबर, २२ मार्च

शिपायाचं वेगळं. तो अंगमेहनतीचं काम करतो, कामगार ह्या व्याख्येत बसतो, आणि शाळा उद्योग आहेच. त्याचा अर्ज ‘कामगार नाही’ ह्या कारणानं जाऊ नये. मात्र कलम ९४ मध्ये ‘शिक्षक किंवा इतर कर्मचारी’ असे शब्द आहेत, त्यामुळं संस्था त्यालाही तिकडं ढकलायला बघेल. त्याचं कामाचं स्वरूप साक्षीत नीट येऊ द्या: घंटा, झाडलोट, बँकेत चलन भरणं. नेमणूकपत्रावर ‘सहाय्यक’ लिहिलंय म्हणून भागत नाही, दिवसभर काय करतो ते बघतात.

रिटबद्दल माझं मत सरळ आहे: नको. १९८८ च्या निकालापुढं तिथं काही हाती लागायचं नाही, आणि रिट पडून राहील तेवढे महिने तुमच्या तिसऱ्या तुकड्यात जमा होतील. दिवाणी दाव्याचाही विचार करू नका. ज्या हक्कासाठी कायद्यानं खास ट्रायब्युनल दिलंय त्यासाठी दिवाणी कोर्ट नाही, हे १९७५ च्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स निकालापासून ठरलंय. शिवाय वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट सक्तीनं पाळायला लावत नाही, म्हणजे परत कामावर घ्या ही मागणीच बाद.

---

फाईल_नंबर, २२ मार्च

९ फेब्रुवारी २०२४ म्हणजे तेरा महिने. लपवायला जाऊ नका. अर्जात स्वतःच लिहा की हरकत आली, वकिलांनी १९७८ च्या निकालावर विसंबून केस चालेल असं सांगितलं, कोर्टानंही तो मुद्दा आधी न ठरवता सगळा पुरावा नोंदवून घेतला. ऑर्डरशीटची (कोर्टाच्या तारीखवार नोंदींची) नक्कल काढून हे दाखवता येतं. तिथं ‘प्राथमिक मुद्दा म्हणून ऐका’ असा संस्थेचा अर्ज कुठंच नसेल तर तुमच्या फायद्याचं.

अपिलात भेदभाव मांडताना नुसतं ‘जातीवरून काढलं’ लिहू नका. तक्ता करा. तिघांची नेमणुकीची तारीख, मंजुरी आदेशाचा क्रमांक, विषय, पदवी आणि बी.एड., ज्येष्ठता यादीतला क्रमांक, काढताना ठरावात दिलेलं कारण. तिच्या ओळीतलं कारण बाकी दोघांनाही लागू पडत होतं हे तक्त्यातच दिसलं पाहिजे. आणि कलम ९२ ची चौकशी झालीच नाही हा मुद्दा भेदभावाच्या आधी घ्या. तो सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही, चौकशीचे कागद संस्थेला आणावे लागतात.

---

उद्यमबाग_लेबर, ६ डिसेंबर २०२५

धागा वर काढतोय, कारण लोक वरच्या मुदती जशाच्या तशा उचलूलालेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. वर लिहिलेले कलम १०(४-ए) चे सहा महिने जुन्या कायद्यातले आहेत. संहितेत वाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षांनंतर तडजोड अधिकारी प्रकरण हातात घेऊ शकत नाही, आणि तडजोड फिसकटल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत ट्रायब्युनलकडं अर्ज करायचा आहे. सुपरवायझरला कामगार धरण्याची पगाराची मर्यादा १०,००० वरून १८,००० झाली. काढल्याची तारीख आधी बघा, मग कुठला कायदा ते ठरवा.

फौंड्रीवाल्यांसाठी एक राहिलं होतं. कामावरून काढलेलं नाही, पण बढती, बदली, ओव्हरटाइम यात डावललं जातंय, हा वाद एकट्याच्या नावानं चालत नाही. युनियननं किंवा बऱ्यापैकी संख्येनं कामगारांनी तो उचलून धरावा लागतो. ठराव वाद मांडायच्या आधीच्या तारखेचा, इतिवृत्ताच्या वहीत, हजर असलेल्यांच्या सह्यांसकट हवा. लेटरहेडवर अध्यक्षाची एकट्याची सही असलेलं पत्र म्हणजे ठराव नव्हे, तेवढ्यावरून प्रकरणं पडली आहेत.

---

खडेबाजार_७, ७ डिसेंबर २०२५

माझ्या प्रतिसादातही एक दुरुस्ती. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. संस्थेला पत्र पाठवताना आता स्पीड पोस्ट करा आणि काउंटरवर पोचपावती वेगळी मागून घ्या, आपण होऊन देत नाहीत.

---

अनगोळकर, ७ डिसेंबर २०२५

अपील एप्रिलमध्येच दाखल झालं, उशीर माफीच्या अर्जासकट. उशिरावर संस्थेचं म्हणणं आलंय, त्यांनी २५ दिवसांवरच बोट ठेवलंय, ऑब्जेक्शन्सच्या तारखेचा उल्लेखसुद्धा नाही. ज्येष्ठता यादी माहिती अधिकारात मिळाली. तिघांची नावं एकाच पानावर आहेत, तिची चौथी ओळ, त्या दोघांची सातवी आणि नववी.

---

फाईल_नंबर, ७ डिसेंबर २०२५

त्या पानावर बीईओ कार्यालयाचा खरी प्रत असल्याचा शिक्का आणि सही आहे का बघा. नुसती झेरॉक्स दिली असेल तर परत जाऊन शिक्का मारून आणा, आणि भाषांतर त्याच्या पाठोपाठ लावा.